वालातलं विमान

२ नोव्हेंबर, पाडवा

गौतमी दिवाळीला आली न्हाई. फोनवर म्हणली, "आजी, सुट्टी न्हाई गं. आता एकटीनं उडायला देणार हायेत." मी म्हणलं, एकटीनं उडायला तू काय कावळा हायेस? मग अजून चार शब्द ऐकवले. तर पोरगी हसती. म्हणती, "शिव्या फोनवर वाया घालवू नको. तुला वही दिलीय ना, तिच्यात लिहून ठेव. आल्यावर सगळ्या एकदम वाचीन."

म्हणून वही काढली. तारखा छापलेली हाय पण मागल्या सालची, वार चुकतात. मी तिसरीपर्यंत शिकले. तिसरीच्या म्होरं म्हशी होत्या. जसं येईल तसं लिहिणार.

गौतमी माझ्या वाल्मीकची पोरगी. वाल्मीक अन् सूनबाई पिरंगुटला कंपनीत, दोघांच्या दोन पाळ्या, म्हणून पोरगी दहावीपर्यंत माझ्यापाशी वाढली. आता विमान चालवायच्या शाळेत हाय. तिच्या फीसाठी घरामागचा माळ विकला. गावातली माणसं म्हणली, रत्नाबाय, पोरीपायी माळ घालवलास. मी म्हणलं, माळावर काय पिकत होतं, कुसळं. तसा माळ चांगला होता. ताटासारखा सपाट. पोरगी तितंच सायकल शिकली अन् तितंच गुडघे फोडले. कोपऱ्यात आमची बाव होती, गोड पाण्याची. आता पुण्याच्या मनीष साहेबांनी भोवती भिंत घातलीय. आत बंगला, दिव्याचे खांब, शनिवारी-रविवारी गाणी. विकलं ते विकलं. ते काय माणूस हाय रडायला.

करंज्या केल्या होत्या. निम्म्या सखूच्या घरी दिल्या. निम्म्या डब्यात हायेत, मऊ पडतील.

११ डिसेंबर

भात झोडून झालं. खाचरात उरल्या ओलीवर वाल टाकलेत, वर आलेत.

सखू वरच्या वाडीची. माझ्यासंगं रानात राबून दोघी म्हाताऱ्या झालो. विमान दिसलं की ही विळा वर करून हलवती.

मी म्हणलं, "अगं ती मोठी विमानं, दुबईची. त्यात आपली न्हाई."

"तुला काय ठावं? बघत असंल खिडकीतनं."

"चालवणाऱ्याला खिडकीतनं बघायला वेळ असतोय व्हय?"

"मग तू का मान वर करतीयास?"

मी म्हणलं, मान अवघडलीय. खुरपायला वाकून वाकून अवघडती.

गौतमीचा फोन रविवारी येतो. गेल्या रविवारी आला न्हाई. नसंल रेंज.

१५ जानेवारी

संक्रांतीलाही न्हाई. माझा तिळगूळ वाल्मीकनं तिला कुरियरनं धाडला. गूळ कमी घातलाय म्हणली, तिकडं बसून चव कळती हिला.

पण एक सांगितलं. पुढल्या आठवड्यात एकटीनं लांबचा फेरा हाय, अन् वाट आपल्या धरणाच्या अंगानं जाती. मी विचारलं, "मग मी दिसंन का तुला?"

"आजी, वरून माणसं न्हाई दिसत. घरं दिसतात, शेतं दिसतात. माळ दिसंल आपला."

"माळावर भिंत हाय आता."

"माहीत हाय गं. पप्पांनी फोटो पाठवलेत."

मी म्हणलं, इकडं तिकडं बघू नको, म्होरं बघून चालव. रस्त्यानं जाताना पण तुझं ध्यान झाडावरच्या चिंचांत असायचं.

फोन ठेवल्यावर वाटलं, विचारायचं राहिलं. किती वाजता जाणार ते.

२७ जानेवारी

मधली पानं कोरी हायेत. लिहायला बसलेच न्हाई. थंडी हाय.

आमच्या वालात विमान पडलं. आत गौतमी होती. जिवंत हाय.

आता नीट लिहिते. मी अन् सखू वालाच्या शेंगा तोडत होतो. सखू म्हणली, केवढी घार बघ. मी बघितलं तर घार न्हाई, विमान. धाकटं, पांढरं. पण आवाज न्हाई. आवाज नसलेलं विमान मी कधी बघितलं नव्हतं, म्हणून भ्यायचंसुद्धा सुचलं न्हाई. ते सरळ माळाकडं निघालं, खाली खाली येत. मला वाटलं मनीष साहेबांकडं कोण पाव्हणं आलंय. ह्या लोकांचं काय सांगावं.

भिंतीजवळ आलं अन् एकदम बिचकलं. बैल साप बघून बिचकतो तसं. एका अंगावर कललं, आमच्या डोक्यावरनं गेलं, अन् खाचरात पोट घासत, वाल उपटत, बांधावर जाऊन आदळलं. एक पंख मोडून पडला. धुरळा बसायच्या आत सखू पळाली. मी मागनं.

तितं गेल्यावर कळलं, आपली हाय. पट्ट्यात लोंबकळत होती, कपाळावर रगत. पेट्रोलचा वास घुमत होता. सखूनं विळ्यानं पट्टा कापला. मी पाय धरून ओढली. डोळे उघडून माझ्याकडं बघत म्हणली, "आजी, माळ कुटं गेला?"

मला वाटलं डोक्याला मार लागला. म्हणलं, "विकला."

"व्हय," म्हणली, अन् डोळे मिटले.

३० जानेवारी

गळ्याजवळचं हाड मोडलंय, डाव्या अंगाचं. सळई घातली. कपाळाला टाके. डॉक्टर म्हणतो नशीब. मी म्हणलं नशीब न्हाई, वाल. दाट होता म्हणून गादीसारखा झाला. डॉक्टर हसला. मी काय चेष्टा करत नव्हते.

घरी विमानखात्याचे साहेब लोक येऊन गेले. टेप लावून मोजलं, फोटो काढले, पोलिसांनी उरलेला वाल तुडवला. गावातली पोरं मोडक्या पंखाशेजारी उभं राहून फोटो काढतात. दोघांना काठी दाखवली.

तिला शिकवणारे निरंजन सर दवाखान्यात आले. तरणाच माणूस, झोप न झालेला. व्हरांड्यात माझ्याशेजारी बसला. म्हणला, "आजी, विमानाच्या दोन पंखांत दोन टाक्या असतात. एक संपत आली की कळ फिरवून दुसरीवर घ्यायचं. ते राहिलं. दुसरी टाकी भरलेली होती."

मी म्हणलं, "म्हणजे गाडी बंद पडली अन् रिझर्व्हला लावायचं इसरली."

"हो आजी. तसंच."

"मग एवढं शिकवलं काय तुमी?"

"हेच शिकवलं. इंजिन बंद पडलं तर पहिलं तीच कळ. घोकून घेतलंय. अन् नाहीच जमलं तर जवळची मोकळी जागा धरायची. तिच्याखाली नदीकडेचं कुरण होतं, मोठं. ते सोडून ती इतक्या लांब इकडं का वळली, तेच कळत नाही. साहेबांनी विचारलं, तर ती म्हणते, चूक झाली. एवढंच. तुम्हाला काही बोलली का?"

मला काय बोलणार? शुद्धीत कुटं होती. माळ कुटं गेला म्हणली, तेवढंच. ते काय सांगायचं. हसला असता.

मग त्यानं सांगितलं ते मी वाल्मीककडनं दोनदा ऐकून घेतलं, म्हणजे चूक नको. शिकताना झालेली चूक हाय, तिला काढून टाकणार न्हाईत. पण मे महिना सरायच्या आत परत येऊन सरांसंगं उडून दाखवायला लागंल. न्हाई आली तर संपलं.

२० फेब्रुवारी

पोरगी माझ्यापाशी हाय. आईबाप पिरंगुटला चल म्हणत होते, ती न्हाई म्हणली. आजीकडं जाते म्हणली. सूनबाईचं तोंड उतरलं. मी काय केलं? मी तर बोलले पण न्हाई.

वाल मोडला तरी कडेचा वाचला. आज मोड आणून, सोलून बिरडं केलं. दोनदा मागून खाल्लं. डावा हात झोळीत हाय, म्हणून मीच वेणी घालते. केस लई गळतात तिचे, तिकडचं पाणी वाईट. तेल लावून बसवते उन्हात. बसवलं तितंच बसती.

खरं लिहिते. मला बरं वाटतंय. दिवाळी न्हाई, संक्रांत न्हाई, आता घरात हाय. हाड मोडून का होईना.

३ मार्च

आज विमान गेलं वरनं. सखूनं विळा हलवला. गौतमी उठून घरात गेली. सखू माझ्याकडं बघती, मी सखूकडं. मी म्हणलं, "तुझा तो हात खाली घे आता."

"तिला न्हाई हलवला. सवय लागलीय," म्हणली.

१८ मार्च

झोळी निघाली. आता पोरगी सगळं करती. शेण काढती, भाकरी थापती, जाड जाड. म्हणती, "आजी, मी हितंच राहते. वरच्या दोन खोल्या नीट करू, शनिवारी-रविवारी लोकांना भाड्यानं देऊ. तू पिठलं-भाकरी कर, मी बाकीचं बघते. मुठा गावात सगळे तेच करतायत."

वाल्मीक फोनवर ओरडला. मे महिना, मे महिना. मला म्हणतो, तू सांग तिला. मी म्हणलं, तुझी पोरगी, तू सांग. फोन ठेवला.

दुपारी ताम्हिणीचे कोंडाजी येऊन गेले. त्यांच्या पुतण्याचा रस्त्यावर ढाबा हाय, चांगला चालतो. चहा पिऊन म्हणले, "पोरगी शिकलेली हाय, धाडसाची हाय. विमानाचं सोडलं तर काय वावगं न्हाई." मी म्हणलं, "विमानाचं सोडलं तर राहिलं काय?" ते हसले. गौतमी आत ऐकत होती. मला वाटलं भांडंल. आदीची असती तर कप हातातनं काढून घेतला असता तिनं. ह्या पोरीनं बाहेर येऊन कोंडाजींना विचारलं, "अजून चहा देऊ का?"

रात्रभर ते डोक्यात राहिलं. वाट बघत होते ती येऊन घरात बसलीय, अन् तरी मी वाटच बघतीया. असं कसं होतं ते मला लिहिता येत न्हाई. तिसरीत शिकवलं न्हाई.

३० मार्च, गुढीपाडवा

गुढी तिनंच उभी केली. पुरण मी. वाल्मीक अन् सूनबाई आले. मे महिन्याचं कोणच बोललं न्हाई. जेवताना सूनबाई म्हणली, "मीठ द्या." दिवसभरात सगळ्यांत मोठं बोलणं तेच.

६ एप्रिल

आज राब भाजला.

राब म्हणजे भाताचं रोप टाकायची जागा. शेण, टहाळ, पातेरा, वर माती, असं रचून पेटवायचं. वाऱ्याच्या उलट अंगानं पेटवायचा, म्हणजे आग हळू चालती अन् माती खोल भाजती. जन्म गेला माझा ह्यात. सकाळी वारं पडलेलं होतं. मीच पेटवला.

निम्मा झाल्यावर वारं फिरलं. आग बांध ओलांडून वाळल्या गवतात शिरली अन् पेंढ्याच्या उडवीकडं निघाली. उडवी गेली तर जनावरांना पावसाळाभर काय घालू? मी घागर उचलली अन् पळाले. हे वय पळायचं न्हाई, तरी पळाले.

थांबले तवा म्होरं भिंत. मनीष साहेबांची. आतनं कुत्रं भुंकतंय अन् मी घागर घेऊन उभी. बाव भिंतीच्या आत होती. आता ती पण न्हाई, बुजवून वर झोपाळा टांगलाय. मला ठावं हाय. रोज येता-जाता बघते. तरी मी भिंतीवर हात फिरवत होते, वाट कुटं हाय म्हणून.

मागं वळून बघितलं तर गौतमी उडवीच्या म्होरं. राबाशेजारी निळा ड्रम होता, काठोकाठ भरलेला. सकाळी मीच भरून ठेवला होता, ह्याच्यासाठीच. त्यात गोणपाट बुडवून ती गवत झोडपत होती. दुसऱ्या अंगाला सखू निरगुडीचा टहाळा घेऊन. "सखूबाय, तिकडनं न्हाई, वाऱ्याच्या म्होरं या," असं गौतमी ओरडत होती. आवाज तोच होता, आदीचा. उडवी वाचली.

मी रिकामी घागर घेऊन परत आले. सखू म्हणली, "पाणी आणाय गेलतीस?"

"व्हय."

"कुटं?"

गौतमीनं घागरीकडं बघितलं. मग भिंतीकडं. मग ड्रमाकडं. मग बांधावर बसली, काळं तोंड घेऊन, अन् हसाय लागली. हसता हसता रडाय लागली. दवाखान्यात रडली न्हाई, साहेबांसमोर न्हाई. आज रडली. सखू म्हणली, धूर गेला डोळ्यात. मी म्हणलं, गप.

मी शेजारी बसले. ती म्हणली, "मला पण तसाच दिसला आजी."

"काय?"

"माळ. भिंत डोळ्याला दिसत होती, पण मला माळच दिसत होता. कुसळं, बाव, सायकलची वाट. इंजिन थांबलं अन् मला दुसरं काय सुचलंच न्हाई. वाटलं, तितं पोचले की झालं. कळीकडं बघितलंच न्हाई मी. सगळा वेळ घराकडं बघत राहिले."

"साहेबांना सांगितलंस का हे?"

"काय सांगू? घर आठवलं म्हणून विमान पाडलं?"

"तसंच सांग. खरं हाय ते. माझ्याकडं बघ म्हणावं, ह्या बाईनं तर पायानं चालून तीच चूक केली, अन् ही रोज हितं राहती."

ती माझ्या घागरीला टेकून बसली बराच वेळ. अंगाला धुराचा वास येत होता. मला तिथनं उठू वाटेना. पण एक ध्यानात आलं, ते लिहून ठेवते. आग लागल्यावर ह्या पोरीनं लांब बघितलं न्हाई.

९ एप्रिल

आज विमान गेलं. सखू हितं नव्हती. गौतमी भांडी घासत होती. मान वर करून बघत राहिली, पार डोंगराआड जाईपर्यंत. राखेचा हात तसाच. मी पडवीतनं बघत होते.

कोंडाजींना निरोप धाडला, पोरगी लग्नाला तयार न्हाई. तिला न विचारताच.

१ मे

निरंजन सरांना तिनं फोन केला, बाहेर जाऊन. परत आली अन् म्हणली, "परवा बोलावलंय." मी ज्वारी निवडत होते. म्हणलं, बरं.

मग लई वेळ दारात उभी राहिली. म्हणली, "आजी, परत तसंच झालं तर?"

"तर सर हायेत शेजारी. एकटीला कोण सोडतंय आता तुला."

"तू थांब म्हण. तू म्हणलीस तर मी थांबते. खरंच थांबते."

मला ठावं होतं, खरंच थांबली असती. शब्द तोंडात आला होता. ज्वारीतला खडा काढला, बाहेर टाकला. म्हणलं, "तुझ्या हाताची भाकरी लई जाड होती. माझे दात उरले न्हाईत तेवढे. जा."

हसली. आत जाऊन पिशवी भरायला लागली. करंज्यांचा डबा मागत होती, लाडू न्यायला. घासून दिला.

३ मे

सकाळच्या एसटीनं गेली. मुठ्यापर्यंत सखू पोचवून आली, मला गुडघ्याचा त्रास हाय. सखू म्हणली, एसटी वळणावर जाईपर्यंत हात करत होती. मी म्हणलं, कुणाला? तू तर हिकडं परत निघाली होतीस. सखू म्हणली, डोंगराला करत होती, मला काय ठावं.

१९ मे

आज फोन आला. रविवार न्हाई, तरी आला.

"आजी, झालं. सरांनी न सांगता मधीच इंजिन मंद केलं. हात आपोआप कळीवर गेला. मग खाली एक पडीक रान दिसलं, जवळच होतं, तिकडं वळवलं, पार खालपर्यंत नीट आणलं. मग सर म्हणले, बास, चल वर. आता परत एकटीला देणार हायेत."

मी विचारलं, "अन् घर?"

"घर काय?"

"आठवलं का?"

मागं कुणीतरी हसत होतं, पंख्यासारखा घर्रघर्र आवाज येत होता. मग म्हणली, "खरं सांगू? न्हाई आठवलं. एकदा पण न्हाई."

मी म्हणलं, "शाबास."

"राग आला?"

"राग कसला. असंच चालव. वर असलीस की आमी कोण न्हाई तुझे. खाली उतरल्यावर बघू."

"रविवारी करते फोन."

"कर न्हाईतर नको करू. मी काय फोनला चिकटून बसत न्हाई."

ठेवला. अंगणात येऊन सखूला सांगितलं, पास झाली. सखूनं विळा खाली ठेवून हात जोडले, कुणाला ते तिलाच ठावं. मग माझ्याकडं बघून म्हणली, "मग तुझं तोंड का असं?"

मी म्हणलं, असंच हाय जन्मापासनं.

पाहिजे होतं तेच झालं. दुपारची भाकर ताटात तशीच हाय. ऊन लई वाढलंय, त्यानं घास उतरत न्हाई.